चोर्ल्याचा घाट, उद्यमबाग आणि दोन नंबरचा सिलिंडर

बेळगावातून गोव्याला उतरायला तीन वाटा आहेत. एक आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडून. दुसरी खानापूर, रामनगर करत अनमोडच्या घाटातून. आणि तिसरी आम्हा बेळगावकरांची लाडकी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी अशी. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पणजी. सकाळी पोहे खाऊन निघावं आणि दुपारच्या जेवणाला हुमण-भात गाठावा, इतकं हे अंतर घरगुती. आपल्याकडे कुणाची मावशी म्हापशाला असते, कुणाचं कुलदैवत फोंड्याच्या बाजूला असतं, कुणाचा मुलगा वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी करतो. त्यामुळे हा रस्ता सहलीचा कमी आणि येण्याजाण्याचा जास्त.

जांबोटी सोडली की शेतं मागे पडतात आणि जंगल रस्त्याला खेटतं. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, तिथेच मलप्रभेचा उगम. ही नदी पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. याच खानापूर तालुक्यात म्हादईही उगम पावते, पण ती पश्चिमेला वळते आणि पणजीजवळ मांडवी म्हणून अरबी समुद्राला भेटते. एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. मी तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. पाणलोट म्हणजे काय हे मुलांना सांगायची वेळ आली, की कणकुंबीचंच उदाहरण देत असे.

कणकुंबीनंतर चोर्ला येतो आणि रस्ता वळणं घेत गोव्याकडे कोसळतो. खाली केरी, शेजारी अंजुणे धरणाचं पाणी. पावसाळ्यात इथलं धुकं असं असतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसतात. उतरताना सगळं सुंदर वाटतं. गाडीची परीक्षा असते ती परत येताना, केरीहून चोर्ल्यापर्यंत चढताना.

ही परीक्षा किती मोठी, ते एका हिशोबाने सांगते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,३०० किलो समजू. चढण साधारण ६५० मीटर. एवढं वजन एवढं उंच न्यायला सुमारे ८३ लाख ज्यूल काम करावं लागतं. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकांना मिळतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला कूलंटच्या अंगावर पडतो. म्हणजे घाट चढण्याच्या कामापोटीच कूलंटला ८३ लाख ज्यूल उष्णता उचलावी लागते. एवढ्या उष्णतेत पंचवीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. गाडीत कूलंट असतं पाच-सहा लिटर! ते पुन्हा पुन्हा इंजिनातून रेडिएटरकडे फिरत राहतं म्हणून निभावतं. त्यातलं लिटरभर जरी कमी झालं तरी घाट ते लगेच दाखवून देतो.

माझ्या भाच्याला घाटाने ते दाखवलं गेल्या ऑगस्टमध्ये.

तो वेर्ण्याला नोकरी करतो. दर शुक्रवारी रात्री शहापूरच्या घरी येतो आणि रविवारी संध्याकाळी परततो. वडिलांना दवाखान्यात नेणं, आईची बँकेची कामं, सगळं त्या दीड दिवसात. त्यासाठीच त्याने जुन्या बाजारातून एक लहान गाडी घेतली, एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. कर्जाचे बावीस हप्ते बाकी होते. त्या शुक्रवारी चोर्ल्याच्या माथ्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. त्याने शहाण्यासारखी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, पाऊण तास पावसात थांबला. गार झाल्यावर पाहिलं तर टाकीतलं कूलंट खालच्या रेघेच्याही खाली. महिन्यात तिसऱ्यांदा. शिवाय सकाळी गाडी सुरू केली की ती थरथरायची आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असायचा.

शनिवारी तो एका वर्कशॉपमध्ये गेला. तिथे तेलाचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला पांढरट साय दिसली. कूलंट कमी होतंय, इंजिन थरथरतंय, तेलाला साय आलीय. तीन लक्षणं, एक निदान: हेड पॅकिंग गेलं, हेडही वाकलं असणार, त्यापेक्षा इंजिनच बदला. कागदावर आकडा आला १,६५,००० रुपये. एकही मोजमाप न घेता.

घरात सन्नाटा. माझे मेहुणे म्हणाले, "विकून टाक आणि बसने ये." पण असा कागद हातात असलेली गाडी विकत कोण घेणार? आणि शेवटच्या बसच्या हिशोबाने शुक्रवारची सुट्टी कशी जमणार? भाचा मला म्हणाला, "मावशी, तूच चल एकदा. तुला निदान विचारता तरी येईल." सोमवारची रजा टाकून तो माझ्याबरोबर उद्यमबागेत आला.

तिसऱ्या गेटाच्या पलीकडे

टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याने गेलं की उद्यमबाग लागते. नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी ही वसाहत फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेली असते. फाउंड्र्या, लेथ, ग्राइंडिंगची यंत्रं, हवेत तापलेल्या वाळूचा आणि कटिंग ऑइलचा वास. इथे ओतलेले आणि घासून तयार झालेले भाग देशभरातल्या वाहनांत, पंपांत आणि यंत्रांत जातात.

बेळगावला यंत्रांची ही ओढ जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८६९ सालचा. १८८८ साली बेळगावातच त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. पुढे ते लोखंडी नांगरांकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते इथून गेले, पण हातात मोजपट्टी धरायची सवय गावात राहिली असं मला वाटतं.

आम्ही गेलो त्या मिस्त्रींचं गॅरेज एका मशीन शॉपच्या मागच्या बोळात आहे. वय साठीचं, चष्मा दोरीने बांधलेला. पोऱ्याशी कानडीत बोलतात, आमच्याशी बेळगावी मराठीत आणि गाडीशी बहुधा दोन्हीत. त्यांनी तो १,६५,००० चा कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "कशाला घाबरतासा? अगोदर मोजूया की. मोजल्याबिगर उघडायचं न्हाई."

थंड इंजिनावर

पहिली तपासणी तेलाची. झाकणाला साय होती, पण तेलाची कांडी ओढली तर तेल स्वच्छ तपकिरी. कूलंट तेलात मिसळलं असतं तर कांडीवरही दुधाळ चहासारखं तेल दिसलं असतं. मग साय कसली? ऑगस्टमधली हवा, गाव ते ऑफिस अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन नीट तापायच्या आत बंद. आतली वाफ झाकणाच्या थंड पत्र्यावर जमते आणि तेलाशी घुसळून साय होते. आपल्या पावसात हे पुष्कळ गाड्यांना होतं. तीनातलं एक लक्षण तिथेच गळालं.

दुसरी तपासणी कूलंटच्या दाबाची. टाकीच्या तोंडाला एक हातपंप बसवतात, त्याला घड्याळ असतं. झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो, त्याच्या आसपास हवा भरायची आणि वाट पाहायची. इथे थोडं पदार्थविज्ञान सांगायचा मोह आवरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. गाडीची टाकी मात्र दाबाखाली असते. दाब एक बारने वाढला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कुठे बारीक गळती असेल, तर कूलंट जातंच, शिवाय दाबही टिकत नाही आणि उकळीची वेळ अलीकडे येते. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये म्हणतात तेही यासाठीच. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उसळतं आणि हात-तोंड भाजतं.

मिस्त्रींनी दाब १.२ बारवर नेला. पंधरा मिनिटांत काटा ०.९ वर आला. गळती आहे हे पक्कं. पण जमिनीवर थेंब नाही, रेडिएटर कोरडा, पंपाखाली काही नाही. मग त्यांनी दांडीचा छोटा आरसा आणि बॅटरी घेतली आणि टर्बोच्या मागे डोकावले. "या बाई, बघा की." टर्बोला कूलंट पुरवणाऱ्या नळीच्या बोल्टभोवती गुलाबी खरपुडी जमली होती, वाळलेल्या मिठासारखी.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा दाबून भरतो. दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि पेट्रोल गाडीत त्यावर येणारा धूर ९०० अंशांच्या घरात असू शकतो. म्हणून मधल्या भागाला तेलाबरोबर कूलंटही लागतं. तिथे थेंब गळला तरी जमिनीवर पोचत नाही, तापलेल्या लोखंडावर वाफ होऊन उडतो. मागे राहतो फक्त रंग. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दबून गेले होते आणि शेजारचा रबरी पाइप उष्णतेने कडक होऊन चिरला होता. वायसरची किंमत सुट्या पैशांत मोजण्यासारखी.

निळं पाणी आणि तीन आकडे

भाच्याचा चेहरा उजळला, पण मिस्त्री थांबले नाहीत. एक गळती सापडली म्हणून दुसरी नाही असं होत नाही. हेड पॅकिंगचा संशय स्वतंत्रपणे फेडायला हवा होता.

त्यासाठी एक निळा द्राव असतो. कूलंट थोडं खाली घेऊन, इंजिन गरम करून, टाकीतल्या कूलंटवरची हवा त्या द्रावातून ओढतात. पॅकिंग फुटलं असेल तर सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये शिरतो, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्राव पिवळा पडतो. आम्ही चार-पाच मिनिटं त्या नळीकडे टक लावून बसलो. निळा तो निळाच राहिला.

आता राहिली थरथर. स्कॅनरवर कोड आला पी-०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट पेट घेत नाही. मिस्त्रींनी दोन नंबरची कॉइल आणि प्लग एक नंबरला लावले, एकचे दोनला. दोष कॉइलमध्ये किंवा प्लगमध्ये असता तर कोडही एक नंबरला गेला असता. तो दोनलाच राहिला. मग त्यांनी कॉम्प्रेशनचं घड्याळ काढलं.

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते ते. इंजिन गरम असावं, सगळे प्लग काढलेले असावेत, पेट्रोल आणि कॉइलची जोडणी बंद, बॅटरी पूर्ण भरलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडी. मग प्रत्येक सिलिंडरला घड्याळ लावून स्टार्टरने सारखेच पाच-सहा फेरे द्यायचे. भाचा आत बसला, मी वहीत आकडे लिहिले. पहिला १६५. दुसरा १२०. तिसरा १६०. एकक पीएसआय.

नुसता आकडा गाडीगणिक बदलतो, महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. दहा-पंधरा टक्के चालतो. इथे तो सत्तावीस टक्के होता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते तर मधलं पॅकिंग फुटल्याची शंका आली असती. इथे एकटाच पडला होता.

हवा जाते कुठे? वाटा चार. रिंगांच्या बाजूने खाली तेलाकडे, आत येणाऱ्या वॉलमधून, बाहेर जाणाऱ्या वॉलमधून किंवा पॅकिंगमधून कूलंटमध्ये. मिस्त्रींनी दोन नंबरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरली असती आणि आकडा चढला असता. आला १२२. म्हणजे रिंगा ठीक.

मग पिस्टन अगदी वर, दोन्ही वॉल बंद अशा जागी आणून, गाडी फिरणार नाही याची खात्री करून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. "आता कान लावा. हवा कुठनं जाऊलालीय ते ऐका." तेलाच्या तोंडाशी शांत. सायलेन्सरशी शांत. कूलंटच्या टाकीत बुडबुडा नाही. थ्रॉटलशी मात्र स्पष्ट फुसफुस, कुकरची शिटी बसायच्या आधी येते तशी. आत येणारा वॉल नीट बसत नव्हता.

वरचा मॅनिफोल्ड काढल्यावर कारण डोळ्यांना दिसलं. वॉलच्या पाठीवर काजळीचे थर, जळालेल्या तव्यासारखे. जुन्या इंजिनांत पेट्रोल वॉलच्या आधी फवारलं जातं, त्यामुळे वॉल धुतला जातो. या गाडीत ते थेट सिलिंडरमध्ये फवारतात. मायलेज चांगलं मिळतं, पण वॉलला आंघोळ नाही. इंजिनातली तेलाची वाफ तिथे येते, भाजते आणि साचते. त्यातली एखादी खपली वॉल आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये अडकली की दाब टिकत नाही.

म्हणजे दोष दोन होते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाच वेळी आले म्हणून एकाच रोगाचे वाटले.

पुढे काय झालं

प्रत्येक सिलिंडरचे वॉल बंद स्थितीत आणून, त्यावर औषध टाकून, ब्रशने घासून, व्हॅक्युमने ओढून काजळी काढायला पूर्ण दिवस गेला. टर्बोचे वायसर नवे, पाइप नवा, कूलंट नवं, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी नाही, त्यातल्या क्षारांचे आत थर बसतात. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा सगळं मोजलं. दाब १.२ वर अर्धा तास टिकला. कॉम्प्रेशन १६५, १५५, १६०. मजुरी धरून बिल झालं ११,४०० रुपये.

मिस्त्रींनी भाच्याला एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली. ती गळती आणखी दोन महिने तशीच राहिली असती, तर एखाद्या शुक्रवारी इंजिन पुरतं तापलं असतं. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ते तापून एक-दोन दशांश मिलिमीटर जरी वाकलं तरी पॅकिंग धरत नाही. मग हेड उतरवून शेजारच्या बोळात फेसिंगला न्यावं लागतं, बहुतेक गाड्यांत हेडचे बोल्टही नवे घ्यावे लागतात, कारण ते एकदाच ताणायचे असतात. त्या वर्कशॉपचं भाकीत मग खरं ठरलं असतं, फक्त दोन महिने उशिरा.

आपल्या मंडळातली कितीतरी मुलं आता टर्बो गाड्या चालवतात आणि सुट्टीला गोव्याला उतरतात, म्हणून त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवते. कूलंटची पातळी महिन्यातून एकदा सकाळी, थंड इंजिनावर पाहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दोन फोटो शेजारी ठेवले की गळती लपत नाही. घाट चढून माथ्यावर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, टर्बोला निवायला वेळ मिळतो. लाल दिवा लागला तर मात्र सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद, बॉनेटमधून वाफ येत असेल तर ते उघडायची घाई नाही, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणं तर मुळीच नाही. आणि कुणी इंजिन उघडायचं किंवा बदलायचं म्हटलं, तर एवढंच विचारा: दाब किती टिकला, द्रावाचा रंग काय राहिला, सगळ्या सिलिंडरांचे आकडे किती? उत्तर कागदावर मागा.

पुढच्या शनिवारी भाच्याने मला, बहिणीला आणि मेहुण्यांना साखळीपर्यंत नेऊन आणलं. परतताना केरीपासून तो काही बोलला नाही, त्याची नजर सारखी काट्यावर. काटा मध्यावर येऊन थांबला तो जांबोटीपर्यंत हलला नाही. मेहुणे मागे बसले होते. कणकुंबीला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, माउलीला नमस्कार केला आणि परत बसताना म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी जरा लवकर निघ. या घाटात धुकं फार असतं."

बसचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.